एकदांडीचा बंदोबस्त

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भालचंद्र उपळेकरांनी खुरपे खाली ठेवले आणि एकदांडीपुढे हार मानली.

सातारा शहराबाहेरच्या सहजीवन वसाहतीत त्यांच्या बंगल्यासमोर बावीस फूट बाय तीस फूट हिरवळ होती. निवृत्तीनंतर चार वर्षे खपून त्यांनी ती तयार केली होती. एकदांडीला ती जागा मानवली. जमिनीसरशी पसरलेली पाने, त्यांतून वीतभर उंच उठणारी एक दांडी, टोकाला पिवळे-पांढरे फूल. फूल वाळले की कापसासारखे तुरे लावून बी वाऱ्यावर निघायचे. उपटायला जावे तर मूळ तुटून आत राहायचे, न उपटावे तर आठवड्याने शेजारी आणखी पाच.

"राहू द्या की," त्यांच्या पत्नी कुमुदताई व्हरांड्यातून म्हणाल्या. "लहानपणी गुडघा फुटला की हाच पाला चोळायचो."

"माझा गुडघा फुटलेला नाही. कंबर गेली आहे."

"मग गवतच काढून टाका. फरशी घाला."

 चौतीस वर्षे भालचंद्ररावांनी भूमापन खात्यात काढली होती. जमीन मोजायची, हद्द कायम करायची, दगड रोवायचे. आपल्या हद्दीत दुसऱ्या कुणी पाय पसरावेत हे त्यांना झोपेतही सहन होत नसे. त्याच संध्याकाळी त्यांनी 'एकलक्ष्य'ची दोन पाकिटे आणली.

'एकलक्ष्य' बाजारात येऊन दोन पावसाळे झाले होते. तणनाशक म्हणून ते विकले जाई, पण त्यात विष नव्हते. झाडाच्या पेशीत प्रत्येक कामासाठी जनुकाकडून एक निरोप निघतो. निरोप पोचला तर काम होते. झाडाला विषाणूंपासून बचावाची एक जुनी सवय असते: एखाद्या निरोपाची दुहेरी प्रत पेशीत सापडली, की झाड तिला शत्रू समजते, तिचे एकवीस-एकवीस अक्षरांचे तुकडे करते आणि त्या तुकड्यांशी जुळणारा प्रत्येक निरोप शोधून नष्ट करते. 'एकलक्ष्य' एकदांडीला तिच्याच एका निरोपाची दुहेरी प्रत पुरवत असे. तो निरोप पानातल्या हिरव्या द्रव्याला उन्हापासून सांभाळणाऱ्या रंगाचा होता. तो नष्ट झाला की ऊन पानाला धुऊन काढायचे. पान आधी फिकट, मग कागदासारखे पांढरे पडायचे आणि झाड उपाशी मरायचे. शेजारच्या गवतात तो निरोप वेगळ्या अक्षरांत लिहिलेला असल्याने गवताला काही होत नसे.

ही प्रत रोज फवारायला लागू नये म्हणून कंपनीने ती बनवणारा एक जिवाणू तयार केला होता. पहिल्या पाकिटात तो जिवाणू. तो पानात शिरून राहायचा आणि प्रती काढत बसायचा. तो मोकाट सुटू नये म्हणून त्याला एक लगाम होता. दुधातली साखर मिळत असेल तरच त्याची पेशी चाले. ती साखर दुसऱ्या पाकिटात होती. दर आठ दिवसांनी झारीतून द्यायची. देणे थांबवले की चार दिवसांत जिवाणू संपतो. झाडापाल्यावर दुधातली साखर कुठून येणार? हा हिशेब प्रयोगशाळेत बरोबर होता, आणि परवानगी देणाऱ्या समितीलाही तो पटला होता.

भालचंद्रराव वसाहतीचे सचिव होते. एकट्याच्या अंगणात औषध घातले तर शेजारचे बी पुन्हा उडून येणार, हे त्यांनी सभेत नकाशा मांडून पटवले. सव्वीसपैकी चोवीस बंगले तयार झाले. नोंदणीकृत वापरकर्ता म्हणून फॉर्मवर त्यांनी स्वतः सही केली. एकदांडीखेरीज दुसऱ्या कुठल्याही झाडावर परिणाम दिसला आणि तपासणीत तो पक्का झाला, तर चोवीस तासांच्या आत मूळ ठिकाण कळवण्याची जबाबदारी त्या सहीबरोबर आली.

जुलैच्या मध्यापर्यंत वसाहतीतली एकदांडी पांढरी पडली. आठवडाभर अंगणे चुना सांडल्यासारखी दिसत होती. मग पांढरेही वाळून गेले आणि नुसते हिरवे उरले. वीस जुलैला भालचंद्ररावांनी साखर बंद केली. चोवीस जुलैपर्यंत जिवाणू संपायला हवा होता.

सप्टेंबरच्या शेवटी तीन नंबरच्या बाबरांकडे कुंडीतला झेंडू पांढरा पडला.

*

तपासणी पथकाच्या डॉ. नाझनीन मुल्ला मंगळवारी सकाळी अकराला आल्या. पस्तिशीतल्या, बोलायला मोजक्या. त्यांनी बाबरांचा झेंडू पाहिला, पान चुरून लहान यंत्रात घातले, आणि मग एकेका अंगणात जाऊन तेच केले. एक वाजता त्या उपळेकरांच्या व्हरांड्यात येऊन बसल्या.

"जिवाणू जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "मरायचं सोडा, पाकिटात होता त्याच्या कित्येक पट झालाय."

"शक्य नाही," भालचंद्रराव म्हणाले. "वीस जुलैनंतर मी एक चमचासुद्धा साखर दिलेली नाही. वहीत नोंद आहे."

"तुमच्या नोंदीवर माझा विश्वास आहे, काका. पण त्याला कुणीतरी जेवायला घालतंय. सगळ्यांच्याच मागच्या बाजूला आकडा जास्त येतोय. तुमच्याकडे तिथे काय आहे?"

"मागे माझा कढीपत्ता आहे," चहा घेऊन आलेल्या कुमुदताई म्हणाल्या. "दुसरं काही नाही."

"त्याला काय घालता?"

"काही नाही हो. पाणी. शेणखत वर्षातून एकदा. आणि उरलेलं ताक."

डॉ. मुल्लांनी कप खाली ठेवला. "ताक?"

"आंबट झालेलं. कढीपत्त्याला ताक लागतंच. त्याशिवाय तो असा काळाभोर होतो होय?"

"रोज?"

"रोज कुठलं. एक दिवसाआड." त्यांनी नवऱ्याकडे पाहिले, मग डॉक्टरबाईंकडे. "मी एकटी नाही घालत. इथे सगळ्याच घालतात. बाबरबाईंनी तर मला शिकवलं."

"माझी अम्मीपण घालते," डॉ. मुल्ला म्हणाल्या.  "ताक आंबट लागतं म्हणून त्यात साखर नसते असं नाही, काकू. दुधातली निम्म्याहून जास्त साखर त्यात तशीच असते."

भालचंद्ररावांनी आतून पाकीट आणले. पाठीमागे बारीक अक्षरांत लिहिले होते: अन्य शर्करायुक्त द्रव वापरू नये. ते वाचून त्यांनी वसाहतीत गुळाचे पाणी आणि जीवामृत बंद करायला लावले होते. घरोघर जाऊन सांगितले होते. ताकाचा विचार त्यांच्या मनात आला नव्हता. तो कुणाच्याच मनात आला नव्हता. ज्यांनी हा लगाम बनवला त्यांच्याही नाही.

"पण झेंडू का?" त्यांनी विचारले. "औषध एकदांडीचं आहे."

"झेंडू, शेवंती, एकदांडी, सगळी एकाच कुळातली. सूर्यफूल, करडई, तीही. त्या निरोपात दोन-तीन ठिकाणी एकवीसच्या एकवीस अक्षरं जुळतात. पाकिटातल्या प्रमाणात त्याने काही होत नाही, म्हणून परवानगी मिळाली. इतक्या प्रमाणात होतं." त्या उठल्या. "आता पुढचं सांगते. मूळ ठिकाणापासून पाचशे मीटरचं वर्तुळ. आत त्या कुळातलं एकही झाड ठेवायचं नाही, उपटून जाळायचं. वर्तुळाची रेघ जमिनीच्या ज्या गटाला लागेल तो गट पूर्ण आत. दोन वर्षं पुन्हा लावायचं नाही. भरपाई मिळते."

"मूळ ठिकाण कोण ठरवणार?"

"तुम्ही. सही तुमची आहे. माझ्या प्रयोगशाळेचा अहवाल यायला नऊ दिवस लागतात, आणि आता वसाहतभर आकडे इतके सारखे झालेत की त्यातूनही सुरुवात कुठे झाली ते कळेलच असं नाही. तेवढा वेळ थांबता येत नाही, म्हणून नियम वापरकर्त्याच्या शब्दावर वर्तुळ काढतो. उद्या अकरापर्यंत मोबाइलवरून बिंदू पाठवा. ताक आजपासून बंद."

फाटकाशी त्या वळल्या. "ओढ्यापलीकडे फुलांची शेती आहे ना?"

"आहे," भालचंद्रराव म्हणाले.

ती त्यांच्या मुलीची होती, हे त्यांनी सांगितले नाही.

*

ओढ्यापलीकडच्या खडकवस्तीत जगदाळ्यांच्या घरात मुलीला, ऋजुताला, देऊन अकरा वर्षे झाली होती. जगदाळे पिढीजात आल्याचे पीक घेणारे. शेतकी पदवी घेऊन आलेल्या सुनेने फुलांचे नाव काढले तेव्हा तिच्या सासऱ्यांनी "बंगलेवाल्यांना कुंड्याच दिसणार" म्हणून तो विषय मिटवला होता. ऋजुताने वाद घातला नाही. परसात शेवंतीच्या एका वेगळ्या निघालेल्या झाडाच्या काड्या लावत, निवडत, पुन्हा लावत तिने सात वर्षे काढली. त्यातून उभी राहिलेली फिकट पिवळी शेवंती नऊ दिवस पाटीत राहिली तरी पाकळी सोडत नसे. मग दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांनी न बोलता ओढ्याकाठचा सव्वा एकर तिच्या हवाली केला. दसरा एकोणीस दिवसांवर होता. शेत कळ्यांनी भरले होते.

मंगळवारी दुपारी भालचंद्ररावांनी वसाहतीचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला. अंदाजावर काम करणे त्यांना जमत नसे. हिरवळीच्या मध्यापासून ऋजुताच्या बांधापर्यंत चारशे बासष्ट मीटर. वर्तुळ शेतात अडतीस मीटर शिरत होते. रेघ लागली की पूर्ण गट आत.

मग त्यांनी फूटपट्टी वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला, बाबरांच्या कुंडीवर ठेवली. पाचशे एकतीस.

कुमुदताई मागे उभ्या होत्या. "पहिला पांढरा झेंडू दिसला तो बाबरांकडेच," त्या म्हणाल्या.

"दिसला तिथे. सुरुवात इथे झाली. जूनमध्ये पहिलं पाकीट आपण फोडलं, आणि मागच्या बाजूला..."

"मागच्या बाजूला मी ताक ओतलं. म्हणा की."

"मी तुला दोष देत नाही."

"द्या हवा तर. पण तिला देऊ नका." त्या खुर्ची ओढून बसल्या. "अहो, चौतीस वर्षं लोक तुमच्या मागे लागले. साहेब, दोन फूट इकडे सरकवा, तीन फूट तिकडे. तुम्ही एक बोट सरकला नाहीत. त्यापायी बदल्या झाल्या, तीन गावांत संसार मांडला मी. कधी चकार शब्द काढला?"

"नाही."

"आज काढते. सरका."

"कुमुद, हे खोटं होईल."

"कुंडी खोटी आहे का? झेंडू पांढरा नाही का? डॉक्टरबाईच म्हणाल्या, कुठे सुरू झालं ते यंत्रालाही कळायचं नाही." त्यांचा आवाज चढला. "तिचं शेत काल मी फोनवर बघितलं. एक पान पिवळं नाही. निरोगी शेत जाळायचं, कशासाठी? तुमची रेघ सरळ यावी म्हणून? त्या घरात ती आता कुठे मान वर करून बसते. हे जळलं की पुन्हा आलं लावतील आणि तिला स्वयंपाकघरात पाठवतील. कायमची."

भालचंद्ररावांनी फॉर्म उघडला. मूळ ठिकाण या रकान्यात बाबरांच्या कुंडीचे अक्षांश-रेखांश भरले. 'पाठवा' या बटणाला हात न लावता फॉर्म जतन केला.

"झालं?" कुमुदताईंनी विचारले.

"भरलाय. सकाळी तिचं शेत एकदा डोळ्यांनी बघतो. मग पाठवतो."

"फोनवर दाखवलं तिने."

"फोनवर मी हद्द कायम करत नाही."

*

बुधवारी सात वाजता ते ओढ्याचा सांडवा ओलांडून शेतावर पोचले. ऋजुता ठिबकच्या नळ्या तपासत होती.

"बाबा? एवढ्या सकाळी? आईशी भांडलात?"

"थोडंसं."

"मग चहा इथेच घ्या, घरी सासूबाई कारण विचारतील."

"आधी फिरून येतो."

त्यांनी सरीवरून सरी पाहिली. पाने उलटून पाहिली. वसाहतीकडची बाजू स्वच्छ होती. निम्मे शेत झाले. एक पान पिवळे नव्हते, कुमुद बरोबर म्हणाली होती. त्यांनी खिशातला फोन चाचपला. नऊ वाजता पाठवून टाकू, असे त्यांनी ठरवले.

मोटरघराच्या कोपऱ्यात ते थांबले. तिथे गुडघ्याएवढा कढीपत्ता होता. बुडाशी माती ओली होती आणि तिच्यावर पांढुरकी साय धरली होती.

"हा कुठला?"

"आईने नाही का दिला, आषाढात? आपल्या मागच्या झाडाचा फुटवा. मातीसकट आणला मी, मूळ हलायला नको म्हणून." ऋजुता जवळ आली. "सासूबाईंचा लाडका आहे. रोज लोटीभर ताक पितो. बघा कसा तरारलाय."

 कढीपत्त्याच्या लगतच्या सरीत दोन रोपांची जागा मोकळी होती. बाकी शेतात एकही खाडा नव्हता.

"इथली रोपं काय झाली?"

"मर लागली होती. काढली."

"पांढरी पडली होती?"

ऋजुताने हातातली नळी खाली ठेवली.

"ऋजू, पांढरी पडली होती का?"

"दोनच होती. मला वाटलं विषाणू असेल. उपटून पुरली."

"कधी?"

"शनिवारी. बाबा, कुणाला बोलू नका. घरात कळलं तर सासरे म्हणतील, बघा, फुलांना रोग आला. दोन झाडांसाठी... तुम्ही असे का बघताय?"

त्यांनी तिला बांधावर बसवून सगळे सांगितले. जिवाणू, साखर, ताक, वर्तुळ. तिला समजवावे लागले नाही. तिचे शिक्षण त्यातलेच होते. ती मध्ये फक्त एकदा म्हणाली, "अरे देवा, ताक." मग तिने विचारले, "तुमचं वर्तुळ इथवर येतंय?"

भालचंद्ररावांनी फोन पुढे केला. तिने आकडे पाहिले. सर्वेक्षकाची मुलगी, आकडे पाहून जागा ओळखायला तिला नकाशा लागला नाही.

"हे बाबरकाकांचं घर आहे."

"हो."

"तुमची हिरवळ नाही."

"नाही."

"तुम्ही हे भरलंत?" ती त्यांच्याकडे पाहत राहिली. "तुम्ही?"

"काल दुपारी. इथून पाचशे एकतीस भरतं. शेत सुटतं."

 सांडव्याकडून मोटरसायकल गेली. शेवटी ऋजुताच म्हणाली, "मग पाठवा. इथली दोन झाडं मी पुरलीत. कढीपत्ता आत्ता उपटते. तुम्हाला आणि मला सोडून कुणाला माहीत नाही."

"तो आता फक्त कढीपत्त्यात नाही. पावसाच्या शिंतोड्यांनी, मधमाश्यांनी... सगळ्या शेतात असेल. पांढरं पडायला वेळ लागतो, एवढंच."

"एकोणीस दिवस लागले तर माझी तोडणी होते!"

"होते," भालचंद्रराव म्हणाले. "आणि तुझी फुलं पुण्याला, मुंबईला जातात. हार होतात, तोरणं होतात. दोन दिवसांनी सुकलेली फुलं लोक कुठे टाकतात?"

तिने शेताकडे तोंड फिरवले.

"ऋजू?"

"झाडाच्या बुडाशी," ती म्हणाली. "कुंडीत."

"आणि त्या कुंडीत आणखी काय ओततात?"

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकले. भालचंद्ररावांनी तिच्या पाठीवर हात ठेवायला उचलला आणि मागे घेतला. ते वाक्य त्यांनी तिच्याकडून वदवून घेतले होते. त्याचे त्यांना बरे वाटत नव्हते.

मग ती म्हणाली, "दहा काड्या. दहा काड्या मी धुऊन, औषधात बुडवून मैत्रिणीकडे पाठवते, तिच्या काचघरात. बाबा, ही जात दुसरीकडे कुठेच नाही. सात वर्षं. तुम्हाला कळतंय का मी काय म्हणतेय?"

"कळतंय."

"मग?"

"तो पानावर नसतो, आत असतो. धुऊन जात नाही."

"तुम्हाला नक्की माहीत आहे?"

त्यांना नक्की माहीत नव्हते. त्यांनी डॉ. मुल्लांना फोन लावला आणि तो ऋजुताच्या हातात दिला. ऋजुताने आपले नाव सांगितले नाही. काड्यांबद्दल विचारले, बियांबद्दल विचारले, खोडाच्या टोकाचा कण घेऊन बाटलीत वाढवता येईल का ते विचारले. पलीकडून उत्तरे येत होती, ती भालचंद्ररावांना ऐकू येत नव्हती. शेवटी ऋजुता म्हणाली, "नाही, सहज विचारत होते," आणि फोन बंद केला.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, आज कुणालाच खात्री देता येत नाही. जो देईल तो खोटं बोलतोय." तिने डोळे पुसले. "दुसरा बिंदू टाकता येतो का? इथला?"

"टाकता येतो. मग दोन वर्तुळं. एक हिरवळीवरून, एक या मोटरघरापासून."

"दुसऱ्यात कोण कोण येतं?"

भालचंद्ररावांनी खडकवस्तीकडे पाहिले. तीस वर्षांपूर्वी या वस्तीची मोजणी त्यांनीच केली होती. "फुलांचे सहा गट. तुझा धरून सात."

"नावं सांगा."

"ऋजू, ते पंचायतीला आपोआप..."

"नावं सांगा, बाबा. मला ऐकायची आहेत."

त्यांनी सांगितली. दोन पवार भाऊ. शिंगटे. कांबळ्यांची ॲस्टर. शाळेमागचा माने. प्रत्येक नावाला ती मान हलवत होती.

"आणि सोजर इंगवले. झेंडू, वीस गुंठे."

"सोजरमामी पण?" ऋजुता म्हणाली. "मला पहिल्या वर्षी खुरपायला एक बाई मिळत नव्हती. बंगलेवाल्याच्या पोरीकडे कोण येणार? मामी स्वतः आल्या, चौघींना घेऊन."

ती उठली. वडिलांच्या हातातून फोन घेतला, बाबरांच्या कुंडीचे आकडे पुसले. "हिरवळीचे सांगा." त्यांनी सांगितले. ते तिने भरले. खाली दुसरी ओळ उघडून ती मोटरघराच्या भिंतीला टेकून उभी राहिली आणि फोनलाच जागा विचारली. नऊ वाजून बावन्न मिनिटांनी तिने फॉर्म पाठवला.

"तासाभरात पंचायतीचा भोंगा सुरू होईल," भालचंद्रराव म्हणाले. "मी घरी जाऊन आईला..."

"भोंग्यावरून त्यांनी ऐकायच्या आत मी सांगणार आहे. तुम्ही येताय का?"

ते तिच्या मागून निघाले.

*

सोजर इंगवले झेंडूच्या वाफ्यातच होत्या. सत्तरीच्या, कमरेला पदर खोचलेला, हातात पाटी.

"आगं ये की, ऋजा," त्यांनी लांबूनच हाक मारली. "आज बापालाबी घिऊन आलीस? मोजणी काडली का काय? साहेब, माझा बांध हाय तितंच हाय हां."

"मामी, पाटी खाली ठेवा," ऋजुता म्हणाली. "बसा जरा."

"बसायला येळ न्हाय. दसऱ्याची बोली झाली माझी."

"मामी, बसा."

सोजरमामींनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि त्या बांधावर टेकल्या. ऋजुताने सांगितले. शनिवारची दोन झाडे सांगितली, ती पुरल्याचे सांगितले, आणि आता फॉर्म आपणच पाठवल्याचेही सांगितले.  ऐकून झाल्यावर मामींनी भालचंद्ररावांकडे मान वळवली.

"म्हंजी तुमच्या बंगल्याम्होरलं गवात काडायला माझा झेंडू गेला."

भालचंद्ररावांच्या मनात खुलासे तयार होते. कंपनीची चूक, समितीची परवानगी, पाकिटावरची अक्षरे.

"हो," ते म्हणाले.

"त्या एकदांडीनं तुमचं काय खाल्लं हुतं?"

 मामींनी फार वेळ वाट पाहिली नाही. त्या ऋजुताकडे वळल्या. "आन् बियाला ठिवलेली फुलं? गेल्या सालची हायत, वाळलेली. छपराला बांदल्यात."

"आषाढाच्या आधीची असली तरी डॉक्टरबाई म्हणतात, खात्री नाही. वर्तुळातलं सगळंच द्यायचं आहे. बीसुद्धा."

"माझ्या सासूच्या हातचं बी हाय त्ये."

"हो, मामी."

सोजरमामी गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि छपरात गेल्या. आत बराच वेळ काही वाजले नाही. ऋजुता हलली नाही. भालचंद्रराव तिच्यापासून चार पावलांवर उभे होते. मामी बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेले गाठोडे होते, नारळाएवढे. त्यांनी ते ऋजुताच्या दोन्ही हातांवर ठेवले.

"ह्ये तू टाक जाळात," त्या म्हणाल्या. "माज्यानं व्हायचं न्हाय. आन् रडत बसू नगंस हितं. जा, बाकीच्यास्नी सांग. पवाराचा थोरला शेतावर निघायच्या आत गाठ त्येला."

त्यांनी पाटी उचलली, वाफ्याच्या टोकाला गेल्या आणि पहिले झाड मुळापाशी धरून उपटले.

ऋजुताने गाठोडे छातीशी धरले आणि ती पवारांच्या वाटेला लागली. भालचंद्रराव मागे चालत होते. अजून पाच घरे होती.